कपाटातून काढलेला डीएसएलआर आणि ‘सेन्सर गेला’ हे निदान

प्रश्न चिपळूणहून आला आहे. २०१४ च्या सुमारास घेतलेला एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर (आत आरसा आणि बदलता येणारी लेन्स असलेला कॅमेरा), सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. मोबाईलचे फोटो चांगले यायला लागल्यापासून कॅमेरा बॅगेत आणि बॅग कपाटात. आता घरात लग्न निघाले म्हणून बाहेर काढला, तर दर वेळी तारीख विचारतो, मध्येच बंद पडतो, कार्ड कधी वाचतो कधी नाही. आकाशाच्या फोटोत काळपट ठिपके दिसतात, फोटो एकूणच धुरकट येतात आणि हॉल बघायला गेले तेव्हा काढलेल्या फोटोंत आडवे पट्टे आले. एका दुकानात दाखवल्यावर “सेन्सर गेलाय, त्यापेक्षा नवाच घ्या” असे उत्तर मिळाले. खरेच सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणारी आतली चिप, गेला आहे का, असे विचारले आहे.

कंपनी आणि मॉडेल लिहिलेले नाही, म्हणून कॅनन आणि निकॉन दोन्ही धरून सांगतो. वर्णनावरून तरी सेन्सर शाबूत वाटतो. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी बऱ्याच आहेत, पण त्या एका दुखण्याच्या नाहीत. प्रत्येकीचे मूळ वेगळे आहे आणि बहुतेकांचे मूळ बॉडीच्या आत नाहीच. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. बॅटरी बदलली, कार्ड बदलले, लेन्स काढून लावली, सेटिंग रीसेट केले, सगळे एकाच दमात केले आणि कॅमेरा चालू झाला, तर कशाने झाला ते कळत नाही. मग तीच अडचण नेमकी अक्षता पडताना परत येते.

आधी सेन्सरचा निकाल लावू. सेन्सर खरोखर गेला की फोटो पूर्ण काळा येतो, किंवा प्रत्येक फोटोत त्याच जागी उभ्या रंगीत रेघा येतात, आणि त्या लाईव्ह व्ह्यूमध्येही (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र बघताना) दिसतात. एखादा लाल, निळा किंवा पांढरा टोकदार चमकता बिंदू दर फोटोत त्याच जागी येत असेल, तर तो हॉट पिक्सेल. शटर बराच वेळ उघडे ठेवल्यावर किंवा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवल्यावर असे बिंदू नव्या कॅमेऱ्यातही दिसतात, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पिक्सेल मॅपिंग करून ते झाकता येतात. तुम्ही लिहिलेले ठिपके काळपट आणि कडा पुसट असलेले आहेत. ती धूळ.

खात्री करून घ्या. कॅमेरा ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर (यात छिद्र आपण ठरवतो), आयएसओ १००, लेन्सचे छिद्र एफ/२२ (आकडा मोठा तितके छिद्र लहान). लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून मुद्दाम फोकस बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. फोटो काढताना कॅमेरा हलला तरी चालेल, उलट थोडा हलवाच, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसले जातात आणि सेन्सरवरचे तेवढे जागच्या जागी राहतात. आता तोच फोटो एफ/५.६ वर काढा. ठिपके फिके पडले किंवा गायब झाले, तर धूळच आहे. ती प्रत्यक्ष सेन्सरवर नसते, त्याच्या पुढे बसवलेल्या फिल्टरच्या काचेवर असते. छिद्र मोठे असले की प्रकाश रुंद कोनातून येतो आणि कणाची सावली विरून जाते. छिद्र लहान केले की किरण जवळजवळ समांतर येतात आणि सावली ठसठशीत उमटते. घरातल्या फोटोत ठिपके दिसत नाहीत आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोत दिसतात, त्याचे कारण हेच.

साफ करण्यासाठी आधी मेनूमधले ऑटो क्लीनिंग दोन-चार वेळा चालवा. नाही गेले तर रबरी ब्लोअर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मेनूमधून मॅन्युअल क्लीनिंगचा पर्याय निवडा (कॅननमध्ये ‘क्लीन मॅन्युअली’, निकॉनमध्ये ‘लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग’), आरसा वर गेला की कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरून खालून फुंकारे मारा. ब्लोअरचे टोक आत घालायचे नाही. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर खाली येतात आणि मध्ये जे असेल त्यावर आपटतात. तोंडाने फुंकर कधीच मारू नका, थुंकीचा एक थेंब धुळीच्या दहा कणांपेक्षा महाग पडतो. दाबलेल्या हवेचे डबेही नकोत, त्यातून द्रव उडतो. ठिपका फोटोत वर डावीकडे असेल, तर समोरून बघताना तो सेन्सरवर खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटते, डावे-उजवे तेच राहते. हे लक्षात ठेवले तर उगाच सगळीकडे फुंकत बसावे लागत नाही.

ब्लोअरने न हटणारे ठिपके बहुधा चिकट असतात. त्यांना स्वॅब (चपट्या टोकाची पुसणी) आणि क्लीनिंग लिक्विड लागते. तुमच्या एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरला १६ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब येतो, मोठ्या फुल फ्रेम सेन्सरला २४ चा. एका बाजूने दुसऱ्या बाजूला एकच हात, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून परतीचा एक हात, आणि तो स्वॅब फेकून द्यायचा. हाताला सवय नसेल तर हे काम दुकानात द्या. सेन्सर क्लीनिंग हे रोजचे काम आहे, त्याची मजुरी नव्या कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ असते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यापायी चांगले कॅमेरे खराब झालेले मी बघतो. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) बघताना जी धूळ किंवा केस दिसतो, तो फोटोत येत नाही. तो आरशावर नाहीतर वरच्या फोकसिंग स्क्रीनवर असतो. लोक लेन्स काढून आरसा रुमालाने पुसतात. या आरशाचा मुलामा घरच्या आरशासारखा काचेच्या मागे नसतो, समोर असतो, आणि एका पुसण्यात त्यावर ओरखडे उठतात. फोकसिंग स्क्रीन तर त्याहून नाजूक. दिसते आहे तर दिसू दे.

आता धुरकटपणा, आणि चिपळूण म्हटल्यावर माझा पहिला संशय बुरशीवर आहे. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि कॅमेऱ्याची बॅग म्हणजे फोम आणि कापड, दोन्ही ओलावा धरून ठेवणारे. अंधार, ओल आणि बंद हवा, बुरशीला आणखी काय हवे? लेन्स बॉडीवरून काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोरून थोडे तिरके बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, कडेकडून आत शिरलेले दिसले तर बुरशी. दुधी पडदा दिसला तर आतल्या काचेवर बाष्प किंवा वंगणाचा थर. सुटे कण दिसले तर धूळ, आणि लेन्समधल्या चार कणांनी फोटोला काहीही होत नाही. त्यासाठी लेन्स उघडायला देऊ नका.

बुरशी दिसली तर ती किती आहे ते बघा. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत फरक जाणवत नाही. मधोमध पसरली असेल तर कॉन्ट्रास्ट पडतो, दिव्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत सगळीकडे पांढुरकी झाक येते. बाहेरच्या काचेवरची बुरशी लेन्स क्लीनरने निघते. आतली काढायला लेन्स खोलावी लागते, आणि जुनी बुरशी असेल तर तिच्यातल्या आम्लाने काचेवरचा कोटिंगचा थर खाल्लेला असतो. बुरशी निघते, पण डाग राहतो. इथे माझे मत स्पष्ट आहे. किट लेन्सवर मजुरी घालवू नका. सेकंड हँड १८-५५ भरपूर मिळतात आणि खोलून साफ करण्याचा खर्च त्याच्या जवळ जातो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात गेलात तर लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर लावून, टॉर्च मारून, दहा फोटो काढून बघून घेता येते. महागडी लेन्स असती तर सल्ला उलटा दिला असता.

दुसरी लेन्स निकॉनची घेणार असाल तर एक बघा. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्स लावली तर फोटो निघतो, पण ऑटोफोकस चालत नाही, आणि माणूस समजतो लेन्स खराब निघाली. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेले पाहिजे. एएफ-पी जुन्या बॉडीवर चालतेच असे नाही, काही मॉडेल्सना आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अपडेट लागतो, म्हणून लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असते, तिथे हा घोळ नाही.

लेन्स स्वच्छ आहे आणि तरी फोटो धुरकट, तर फोकस तपासायचा. त्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती फिरवून बघा. ती डायऑप्टरची, म्हणजे व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेला जुळवायची. बॅगेत घासून ती फिरते आणि आतले सगळे अंधुक दिसते, फोटो मात्र ठीक येतात. चष्म्याचा नंबर वाढला असावा असे समजून डोळे तपासून आलेली माणसे माझ्याकडे आली आहेत. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत चकती फिरवायची, झाले.

मग एक वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर असा ठेवा की तो मजकुराकडे साधारण ४५ अंशांतून बघेल. लेन्स ५५ वर, छिद्र सर्वांत मोठे, फोकस पॉइंट फक्त मधला. एका ठरावीक ओळीवर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाईव्ह व्ह्यूमधून काढा. सेल्फ टायमर लावा. दोन्ही फोटो मोठे करून त्या ओळीपाशी जा. दोन्हींत ओळ स्वच्छ असेल तर ऑटोफोकस निर्दोष आहे. लाईव्ह व्ह्यूमध्ये स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्यात मात्र पुढची किंवा मागची ओळ स्वच्छ असेल, तर आरशाखालचा फोकस सेन्सर आणि लेन्स यांचे जुळत नाही. महागड्या बॉडीत हे मेनूमधून जुळवता येते. एन्ट्री-लेव्हलमध्ये बहुधा तो पर्याय नसतो, सर्व्हिस सेंटरला द्यावे लागते. लग्न तोंडावर असेल तर लाईव्ह व्ह्यूवर काम भागवा. दोन्हींत धूसर असेल तर दोष लेन्सचा.

माझ्या टेबलावर “फोकस होत नाही” म्हणून येणाऱ्या कॅमेऱ्यांत निम्मे तरी हलल्याचे असतात. फोटोतल्या दिव्यांकडे बघा. दिव्याच्या बिंदूची एकाच दिशेला रेघ ओढली गेली असेल तर हात हलला. पार्श्वभूमी स्वच्छ आणि नवरदेव धूसर, तर नवरदेव हलला. भोवतालचे सगळेच गोलसर पसरलेले, तर फोकस चुकला. हाताने धरून काढायचे तर शटरचा वेग निदान सेकंदाचा १ भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) इतका तरी हवा, आणि एपीएस-सी सेन्सरला ती लेंग्थ दीडपट धरायची. म्हणजे ५५ मिलिमीटरला १/८०, २०० ला १/३२०. माणसे हलतात म्हणून लग्नात १/१२५ च्या खाली जाऊ नका. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० लागला तरी लावा. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही.

तारीख विचारणे हा बिघाड नाही. घड्याळासाठी आत एक छोटी बॅकअप बॅटरी असते. बऱ्याच मॉडेलमध्ये ती मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होते, म्हणून चार्ज केलेली बॅटरी दोन-तीन दिवस आत ठेवून द्या. काही जुन्या मॉडेलमध्ये बटणसेल असतो, तो बदलायचा.

मध्येच बंद पडण्याला मुख्य बॅटरी हे पहिले कारण. वर्षानुवर्षे रिकामी पडलेली लिथियम बॅटरी चार्जरवर पूर्ण भरलेली दाखवते आणि शटर दाबताच खाली बसते. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून गोल फिरवा. सहज फिरली तर ती फुगली आहे, टाकून द्या. ती ढकलून आत बसवली तर बाहेर काढताना कॅमेरा उघडावा लागतो. नवी बॅटरी घालूनही बंद पडत असेल तर बॅटरीच्या झाकणाकडे बघा. झाकणाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे टोक असते आणि बॉडीत त्याच्यासमोर एक बारीक स्विच. झाकण लागले की टोक स्विच दाबते आणि कॅमेऱ्याला करंट मिळतो. ते टोक झिजले किंवा मोडले की कॅमेरा समजतो झाकण उघडे आहे. अंगठ्याने झाकण दाबून धरल्यावर कॅमेरा नीट चालला, तर दोष तिथेच. झाकण बदलणे हे स्वस्तातले काम आहे. असाच स्विच कार्डाच्या झाकणालाही असतो.

कार्डाबद्दल तुम्ही लिहिले आहे की मोबाईलचे छोटे कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून वापरता. मग आधी तो ॲडॉप्टर टाका. त्यातल्या पत्र्या सैल पडतात आणि कार्ड धक्क्याला जाते-येते. चांगले पूर्ण आकाराचे एसडी कार्ड घ्या, ३२ जीबीचे पुरे, आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्डाच्या डाव्या कडेचे लॉकचे बटण खाली सरकलेले नाही ना, तेही बघा. स्वस्तात मिळालेले मोठ्या क्षमतेचे कार्ड संशयास्पदच समजा. बनावट कार्ड १२८ जीबी दाखवते आणि खरी जागा भरली की पुढचे फोटो मुकाट्याने वाया जातात. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचतो, त्यात खोटेपणा उघडा पडतो.

जुन्या कार्डावर मुलांचे लहानपणीचे फोटो असतील आणि कार्ड उघडत नसेल तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. “फॉरमॅट करायचे का?” या प्रश्नाला नाही म्हणा. कार्डाचे लॉक लावा, कार्ड रीडरमध्ये घाला आणि फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा. मिळालेले फोटो संगणकावर साठवा, त्याच कार्डावर नाही. चुकून फॉरमॅट झाले असले तरी बऱ्याचदा फोटो जागेवरच असतात, पुसली जाते ती यादी.

स्क्रीनवर कॅननमध्ये ‘एरर ०१’ आला, किंवा निकॉनमध्ये छिद्राच्या आकड्याऐवजी ‘एफ’ आणि पुढे दोन आडव्या रेघा दिसल्या, तर लेन्स आणि बॉडीचे बोलणे तुटले आहे. लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा, काळपट असतील तर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. खोडरबराचा सल्ला सर्रास दिला जातो, माझा त्याला विरोध आहे. चुरा आत पडतो आणि मग वरची सेन्सरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

हॉलमधले पट्टे हा कॅमेऱ्याचा दोष अजिबात नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळते. शटर १/१०० किंवा १/५० केले की पट्टे जातात. मघाशी १/१२५ च्या खाली जाऊ नका म्हटले होते, पण पट्टे येत असतील तर १/१०० वर या आणि माणसे स्थिर असतानाच शटर दाबा. व्हिडिओसाठी मेनूत ‘पाल’ (PAL) ही व्हिडिओ पद्धत आणि ५० हर्ट्झ निवडा, सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५०. स्टेजवरच्या सजावटीच्या स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे हे गणित चालत नाही. मग शटर थोडे थोडे बदलत पट्टे नाहीसे होतील तिथे थांबायचे. फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येत असेल आणि फ्लॅश लावलेला असेल, तर शटर फ्लॅशच्या मर्यादेबाहेर गेले आहे. एन्ट्री-लेव्हलला ही मर्यादा साधारण १/२०० असते. फ्लॅश नसताना १/४००० वर भिंतीचा फोटो काढला आणि एक बाजू काळवंडली, तर मात्र शटरचे वय झाले.

लग्नात हळद असणार. हळदीची पूड कॅमेऱ्याला समुद्राच्या वाळूइतकीच वाईट. जेजुरीला भंडाऱ्यात फोटो काढून आलेल्यांचे झूमचे रिंग पिवळ्या पुडीने घट्ट झालेले असतात. हळदीच्या वेळी लेन्स बदलू नका, बॉडीला पारदर्शक पिशवी गुंडाळा. नंतर आधी ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश. ओल्या फडक्याने पुसले तर लगदा होतो आणि फटीत बसतो. एसी खोलीतून एकदम दमट मांडवात आलात तर लेन्सवर बाष्प धरेल. झिपच्या पिशवीत घालून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटे तशीच राहू द्या.

भिजला तर बॅटरी काढा आणि चालू करून बघू नका. जुलै २०२१ च्या पुरानंतर तुमच्या भागातून जे कॅमेरे आले, त्यांत “चालतो का बघू” म्हणून बटण दाबलेले जवळजवळ सगळे बोर्डातून गेले होते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचाही उपयोग नाही, पिठाची धूळ तेवढी आत जाते.

लग्न झाल्यावर कॅमेरा परत त्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. रंग बदलला की जेल गरम करून पुन्हा वापरता येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे क्षार असतात, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, नारिंगी दाणे घ्या. डांबर गोळ्या डब्यात नकोत. बॅटरी काढून, अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा.

एवढे करूनही लाईव्ह व्ह्यूमध्ये रेघा किंवा काळोख राहिला, तरच सेन्सरचा विषय. तेव्हा दुकानात तोंडी निदान घेऊ नका. एफ/२२ चा आणि १/४००० चा फोटो सोबत न्या, दोष फोटोत कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि खर्चाचा अंदाज लिहून मागा. तुमच्या बॉडीत नवा सेन्सर घालणे परवडत नाही, एवढे त्या दुकानदाराचे खरे आहे. त्याच मॉडेलची सेकंड हँड बॉडी त्याहून स्वस्त पडते. ती घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचारा. या श्रेणीतल्या बऱ्याच बॉडींचे शटर एक लाख क्लिकसाठी तपासलेले असते, तेव्हा वीस-तीस हजारांची मिळाली तर उत्तम.